टेलरचं साणं

नायगाव,
३० मे १९८६

प्रिय निवृत्ती,

सप्रेम जय भीम.

पाकिटावरचं अक्षर माझं आहे हे ओळखूनही तू ते फोडलंस, हेच पुष्कळ झालं. तुझा पत्ता मला सिद्धरामनं दिला. बसस्टँडमागं पत्र्याचं काम करतो तोच. लग्नासाठी निजामाबादला गेला होता, तिथं एका स्टुडिओच्या काचेआड तू नवरा-नवरीच्या फोटोला चौकट ठोकताना त्याला दिसलास. हाक मारावी की नाही, या विचारात तो रस्त्याच्या पलीकडं उभा राहिला आणि तेवढ्यात त्याची बस लागली. तू वाळलास असं त्यानं मला सांगितलं आणि आईला सांगितलं, चांगला भरलाय. आई त्यावर दोन दिवस खूश होती. तू घर सोडलंस त्याला चौदा महिने झाले. आई रोज तुझं नाव काढत नाही, पण संध्याकाळची बिलोलीची गाडी गेल्याशिवाय दाराला कडी घालत नाही. मी ते बघते आणि भांडी घासायला बसते, पाणी नसलं तर नुसत्या राखेनं. मला तू परत यायला हवा आहेस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना अक्काच्या मनात काय शिजतंय असा संशय नको.

बातमी अशी की मी आपला टेलर विकायला काढला होता. रागावू नकोस, पुरतं वाच. तू गेल्यापासून तो घरामागं लिंबाखाली उभा होता. चाकांतली हवा गेली, पायरीवर कोंबड्या बसायला लागल्या. बाबांनी किती हौसेनं तो नांदेडच्या भंगारातून ओढून आणला होता! औषधांची खोकी वाहणारा, चारी बाजूंनी पत्र्यानं बंद असा ट्रेलर. आपल्या तोंडी टेलर. बाबांनी त्याला आतून काळा रंग दिला, लाल दिवा टांगला, ट्रे मांडले आणि मामाच्या जीपमागं बांधून फोटोची अंधारखोली गावोगाव फिरवली. सकाळी माणसांना स्टुलावर बसवायचं, मग टेलरात शिरून रोल धुवायचा, दुसऱ्या दिवशी फोटो हातात. भोकरकडच्या एका गावात दवंडी दिली, फोटोचा टेलर आलाय, तर निम्म्या बायका ब्लाउजपीस घेऊन रांगेत उभ्या. बाबांनी एकीलाही परत पाठवलं नाही. सगळ्यांचे फोटो काढले, हातात ब्लाउजपीस धरून. पाटलीणबाई असो की सालगड्याची बायको, सगळ्यांना एकच स्टूल, हा बाबांचा नियम होता. बाबा गेल्यावर तो आपण दोघांनी पाळला.

टेलरच्या छतात मधोमध हातभर लांबी-रुंदीचं भोक आणि त्यावर फायबरचं झाकण होतं, ते तुझ्या डोळ्यांपुढं असेलच. आतून दांडी ढकलली की झाकण उचलायचं आणि फोटोच्या औषधांचा वास बाहेर जायचा. काम सुरू झालं की झाकण बंद आणि त्याखाली काळ्या कापडाचा पडदा. नांदेडचा मिस्त्री त्याला काहीतरी इंग्रजी नाव सांगत होता. बाबा त्याला म्हणाले, "ह्ये तर साणं हाय." आपल्या घराच्या माळवदाला उजेडासाठी भोक असतं तसं. तेव्हापासून ते साणंच. घरच्या साण्याचं काम लहानपणापासून माझ्याकडं होतं. वावटळ उठली की शिडीनं माळवदावर जायचं, साण्यावर फरशीचा तुकडा ठेवायचा आणि फरशी सरकू नये म्हणून तिच्यावर दगड. खालून तू ओरडायचास, अक्का, अंधार झाला! मग फरशीच्या फटीतून जमिनीवर उजेडाची एक टिकली पडायची आणि तू ती मुठीत धरायला बघायचास. मूठ मिटली की टिकली मुठीच्या पाठीवर. मी वरून हसायचे आणि तू रडायचास.

आता त्या वाडीचं लिहायला हवं. गेल्या वर्षीचा मार्च, उदगीरच्या पुढं, कर्नाटकाच्या कडेला. लातूर जिल्हा होऊन अडीच-तीन वर्षं झालेली, तरी लोकांच्या पेटीतले कागद सगळे उस्मानाबादचे. नव्या जिल्ह्याच्या अर्जांना फोटो लागायचे आणि फोटोसाठी उदगीरला जायचं तर खडी फोडायच्या कामाचा दिवस बुडायचा, म्हणून त्यांनी आपल्याला बोलावलं. चंद्रप्पा आठवतो? कपाळाला भस्माचे पट्टे ओढून, धुतलेला फेटा बांधून दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी स्टुलावर बसला होता. म्हणाला, "आमी हितंच बसलाव, जिल्हाच उठून आमच्याकडं आला." आड कोरडे आणि टँकर दोन दिवसांआड, त्यात फोटो धुवायला पाणी कुठलं आणायचं? तोड तूच काढलीस. ज्याचा फोटो, त्यानं तांब्याभर पाणी आणायचं. मला वाटलं होतं, लोक आपल्याला हाकलून देतील. पण त्यांनी आणलं. पदराखाली झाकून, धक्का लागू नये म्हणून भिंतीच्या कडेकडेनं चालत, प्यायच्या पाण्यातलं पाणी आणलं. चंद्रप्पाच्या बायकोनं, रत्नम्मानं, दोन तांबे आणले. का, तर "ह्यांचं त्वांड मोटं हाय."

पहिल्या संध्याकाळी रोल मी धुतला आणि तो स्वच्छ निघाला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तू तीन रोल धुतलेस आणि घामानं निथळत बाहेर येऊन म्हणालास, "अक्का, आत उजेड हाय." मी काय म्हणाले ते तुला पाठ असेल. "आत न्हाई, तुझ्या डोक्यात पडायला पायजे उजेड." तिन्ही रोल काळे, चेहऱ्यांच्या जागी धुकं. आणि मी, एवढी शिकलेली बाई, त्या सगळ्या लोकांसमोर तुझ्यावर तुटून पडले. आत विडी ओढलीस, दार उघडलंस, तुला कशाची म्हणून काळजी नाही, हायपोच्या औषधाचे खडे फोडायचा बाबांचा गोटासुद्धा हरवलास. माझा रोल चांगला निघाला होता ना, त्याचा ताठा होता मला.  लोक आपापले रिकामे तांबे उचलून गेले.  नायगावला पोचेपर्यंत तू जीपमध्ये मागं तोंड करून बसलास आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुझी वळकटी जागेवर नव्हती. पुढचं तुला माहीत नाही. पंधरा दिवसांनी मी पुन्हा फोटो काढायला एकटी त्या वाडीत गेले. चंद्रप्पा आठवड्यापूर्वीच वारला होता. मी स्टूल मांडलं. रत्नम्मा आली, त्या स्टुलाकडं थोडा वेळ बघितलं आणि परत गेली. त्या माणसाचा जन्मातला एकच फोटो आणि तो आपण घालवला, म्हणजे मी म्हणत होते, तू घालवलास.

त्यानंतर मी फोटोच्या कामाला हात लावला नाही. या महिन्यात लातूरहून शिवमूर्ती म्हणून बियाण्यांचा एक व्यापारी आला. नव्या जिल्ह्यात त्याचं दुकान मोठं झालंय. त्यानं टेलरला चारी बाजूंनी थापट्या मारल्या आणि पसंत केला. फक्त म्हणाला, बियाण्याला वारा लागतो आणि पाणी चालत नाही, तेवढं वरचं झाकण नवं करून द्या, मग नेतो. खालून बघितलं तरी झाकणाचा कोपरा उन्हानं पिवळा पडून पापडासारखा तुटलेला दिसत होता. सिद्धरामला बोलावलं. चौघांनी ढकलून टेलर लिंबाखालून उघड्यावर आणला. सिद्धराम म्हणाला, तुम्ही आतला पडदा काढून ठेवा, मी दुकानातून रॉकेल आणि पाना-पक्कड घेऊन येतो. सकाळचे दहा वाजले असतील. मी आत शिरले आणि कापड ओढलं. चार खिळ्यांवर ताणलेलं ते कापड इतकं विरलं होतं की माझ्या हातात त्याची चाळणी आली. तेवढ्यात वाऱ्यानं दार धाडकन लागलं.

निवृत्ती, आता जे सांगते ते मी अजूनपर्यंत कुणाला नीट सांगू शकलेले नाही. आधी काहीच दिसेना. मग पत्र्यावर एका बाजूला उजेडाची टिकली दिसली, चाराण्याच्या नाण्याएवढी, लखलखीत. मला आपल्या घरची टिकलीच आठवली. डोळे दिपायला लागले म्हणून मी हातातलं कापड तिच्यावर टाकलं आणि दार उघडायला वळले, तर माझ्या पायांवर काहीतरी हललं. मला वाटलं साप. मी ट्रेच्या फळीवर चढून बसले. खाली बघते तर जमीन निळी. काळा रंग दिलेला पत्रा, पण त्याच्यावर फिकट निळा रंग पसरलेला, आणि त्यात पांढरं काहीतरी सावकाश सरकतंय. एका कडेला लिंबाची डहाळी, पान न् पान वेगळं, डुलतेय. तिचा आवाज बाहेरून येत होता आणि ती माझ्या पायाखाली डुलत होती. मी किती वेळ बघत राहिले सांगता येत नाही. ते पांढरं म्हणजे ढग आहे, हे मला एकदम कळलं. टेलरच्या जमिनीवर आभाळ पडलं होतं. अख्खं आभाळ. मग एक घार आली, बोटाएवढी, पंख न हलवता या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली. मी रडले. भीतीनं नाही, आनंदानं म्हणावं तर तेही नाही. इतकं मोठं काहीतरी आपल्याकडं न विचारता आलंय, याचं रडू होतं ते.

भोक कुठून आलं ते बघितलं. साण्याच्या झाकणाला तडा गेला होता आणि तड्याच्या टोकाला मुगाच्या डाळीएवढी खपली निघाली होती, वेडीवाकडी. एवढ्याशा तुटक्या जागेतून आभाळ आत येतं, आणि ती टिकली म्हणजे सूर्य, तो येताना पुरता गोलच्या गोल राहतो! आपण रोज कॅमेरा हातात धरणारी माणसं. काच, पडदा, उलटी आकृती, सगळं बाबांनी शिकवलं. पण आपल्या डोक्यावरच एक कॅमेरा उघडा पडलाय आणि आपण त्याच्या पोटात बसून काम करतोय, हे काही मला कधी सुचलं नाही.

मी आईला हाक मारली. आई म्हणाली, खुळी झालीस काय, आणि आली. जमीन काळी, रंग उठत नाही म्हणून तिनं स्वतःच बुद्धपौर्णिमेला नेसलेलं पांढरं लुगडं आणून अंथरलं. मग तर काय विचारतोस! निळं म्हणजे निळं, ढगाची कड न् कड. आई चप्पल बाहेर काढून आली आणि कडेला बसून राहिली. मग म्हणाली, "निवरतीला दावायला पायजे होतं गं." दुपारी खडीच्या कामावरून शेजारच्या केवळाबाई आल्या, त्यांनी बाकीच्यांना सांगितलं, आणि चार-चार बायका आत, दार बंद, बाकीच्या बाहेर, अशी रांग लागली. हातांना चिंध्या बांधलेल्या, केसांत खडीची धूळ. बाहेर कलकल आणि आत गेलं की चिडीचूप. केवळाबाईंनी सरकत्या ढगाखाली तळहात धरला. ढग त्यांच्या हातावर चढला, घट्ट्यांवरून गेला आणि मनगटावरून उतरला. तीन वर्षं ज्याच्याकडं बघून मान अवघडली, तो ढग. त्या म्हणाल्या, "पानी न्हाई आलं तर न्हाई, त्यो सोता तर आला." आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. सगळ्याच हसायला लागल्या. टेलरात एवढं हसू बाबांच्या वेळेपासून झालं नव्हतं.

बघायला येणाऱ्यांमुळं झाकणाचं काम दोन दिवस राहिलं. तिसऱ्या दिवशी सिद्धरामनं शिडी लावली आणि मला म्हणाला, माप घ्यायला तुम्हीच वर चला, घरच्या साण्याची सवय आहे तुम्हाला. मी चढले. वर मला काय दिसलं ते शेवटी लिहिते, आत्ता लिहिलं तर मधलं लिहायचा धीर राहणार नाही. जुन्या झाकणाचे स्क्रू गंजून बसले होते, रॉकेल घालून तासभर थांबलो तेव्हा सुटले. जुनं डांबर खरवडताना माझी दोन नखं गेली. नवं झाकण सिद्धरामनं जाड पत्र्याचं केलंय, चारी कडा खाली वळवून, म्हणजे पाणी आत वळणार नाही. खाली सायकलच्या ट्यूबची पट्टी, तिच्यावर झाकण आवळलं आणि कडेनं डांबराची धार सोडली. ते बसवायच्या आधी मी त्याला म्हणाले, मधोमध खिळ्यानं एक भोक पाड, मुगाच्या डाळीएवढं. तो माझ्याकडं बघतच राहिला. "अक्का, गळू नये म्हनून झाकन करायलाव, आन तुमी भोक पाड म्हनायलाव?" पण पाडलं. त्या भोकात आतून मी औषधाच्या बाटलीचं बूच घट्ट बसवलंय, वर मेणही लावलं. संध्याकाळी शिवमूर्तीला निरोप धाडला, टेलर विकायचा नाही. तो चिडला असेल. चिडू दे.

आतला पसारा आवरताना तुझा पत्र्याचा डबा सापडला. झाकणावर तुझ्या अक्षरात चिकटपट्टी : "फेकू नये. ह्यात माणसं हायेत." ते तिन्ही रोल तू कापून, एकेक कागदात गुंडाळून ठेवले होतेस. एवढं ऐकून घेतल्यावर, जायच्या आधी, कधी ठेवलेस रे? मी चंद्रप्पाची निगेटिव्ह उजेडासमोर धरली. काळी. पण आता मला ठाऊक होतं की ही तुझी चूक नाही, वरून सगळीकडून सारखा आलेला उजेड आहे. म्हणजे धुक्यामागं माणूस असायला हवा. मुद्दाम दुपारी बारा वाजता, ऊन डोक्यावर असताना, मी टेलरात गेले आणि दार लावलं. असा अंधार की स्वतःचा हात दिसेना. नवं साणं टिपूसही सोडत नव्हतं. मग लाल दिवा लावला, सगळ्यांत कडक, काळं-पांढरं वेगळं करणारा कागद घेतला आणि जिथं आपण आठ सेकंद देतो तिथं सव्वा मिनिट उजेड दिला. कागद ट्रेमध्ये टाकला. काही नाही. हलवत राहिले. मग आधी मिशी आली. खरं सांगते, नुसती मिशी, पाण्यात तरंगल्यासारखी. मग डोळे, मग फेट्याच्या घड्या, आणि कपाळावर भस्माचे तीन पट्टे पांढरेच्या पांढरे. चंद्रप्पा खालून माझ्याकडं बघत होता, आता जिल्ह्याबद्दल काहीतरी बोलेल असा.  आभाळ बघितलं त्याहून हे मोठं होतं की लहान, मला ठरवता येत नाही. फोटो धुवायला आईनं तिच्या वाटणीचा तांब्या आत आणून दिला. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मी लाल दिव्यात बघितलं नाही.

परवा मी तो घेऊन वाडीवर गेले. मुखेडहून उदगीर, तिथून ट्रक, मग चालत. रत्नम्मा दारातच होती. मला बघून तिनं आधी पाण्याचा तांब्या पुढं केला, त्या वाडीत, या उन्हाळ्यात. मी फोटो दिला. तिनं हात पदराला पुसले, पुन्हा पुसले, तो घेतला आणि त्याच्याकडं बघून इतकंच म्हणाली, "बंद्रा?" त्यांच्या कानडीत, आलात? बाहेरून दमून आलेल्या नवऱ्याला रोज विचारावं तसं. मी भिंतीकडं तोंड केलं. मग तिनं विचारलं, कुणी काढला? मी म्हणाले, माझ्या भावानं. ती माझ्याकडं नीट बघून म्हणाली, "मग त्येला तवा एवडं बोललीस कशाला?"

तिला मी जे सांगितलं तेच तुला सांगायला हे पत्र लिहिलंय. त्या दिवशी माप घ्यायला साण्यावर चढले तेव्हा वर काय होतं माहीत आहे? बाबांचा गोटा. गोदावरीतला, काळाभोर, हायपो फोडायचा. झाकणात खड्डा पडून त्यात रुतून बसलेला आणि त्याच्या कडेनं गेलेला तो तडा. तो तू हरवला नव्हतास. वाडीवर दुसऱ्या दिवशी सकाळी वारा सुटला, वर झाकण फडफडायला लागलं, तेव्हा हाताला येईल तो दगड घेऊन मी वर चढले होते आणि घरच्या साण्यावर ठेवते तसा तो ठेवून खाली उतरले होते. हे माळवद नाही, खाली फरशी नाही, उन्हानं कडकडीत झालेलं फायबर आहे, हा विचारच मनात आला नाही. हाताची सवय, दुसरं काय. आणि दुपारी मी तुला गोट्याचा जाब विचारत होते. तिन्ही रोल मी जाळले, निवृत्ती, तुझा त्यात काही दोष नव्हता. त्या लोकांचं पाणी मी वाया घालवलं. तुझ्या डब्यात अजून पुष्कळ माणसं आहेत, ती सगळी बाहेर काढायची आहेत आणि माझ्या एकटीच्यानं ते व्हायचं नाही. मला माफ कर, असं लिहिणं सोपं आहे, तरी लिहिते : मला माफ कर. वाडीवर मी हे सगळ्यांसमोर सांगून आले, कारण तुला बोलले होते तेही सगळ्यांसमोरच. गोटा धुऊन हायपोच्या डब्याशेजारी ठेवलाय. बूच मी अजून काढलेलं नाही. माझा हात पुरत नाही असं बायकांना सांगते, ते खोटं आहे. ते तूच काढायचंस. तू म्हणाला होतास, अक्का, आत उजेड हाय. होता रे.

तुझीच,
अक्का